ऐकीव वाट, लेखी वाट

घरात वायफायसाठी बसवलेल्या डबीला आपण राउटर म्हणतो. पण तिच्या पाठीवर साधारणपणे जी पाच भोकं असतात, त्यांतल्या चारांचा राउटिंगशी काडीचाही संबंध नसतो. ती चार भोकं आणि वायफाय मिळून एक वेगळंच यंत्र बनतं, त्याचं नाव ब्रिज. राउटिंग सुरू होतं ते पाचव्या, वेगळ्या रंगाच्या भोकापाशी. लॅपटॉपवरून पलीकडच्या खोलीतल्या प्रिंटरला एक पान छापायला सांगितलं, तर तो निरोप त्या डबीतूनच जातो, पण डबीतल्या राउटरला त्याची खबरही लागत नाही.

ब्रिज आणि राउटर या दोघांपुढचा प्रश्न एकच असतो: हे पॅकेट आलं, आता कुठल्या तारेवर सोडू? उत्तर काढण्याच्या रीती मात्र अगदी निराळ्या. ब्रिज ऐकीव माहितीवर चालतो, राउटर लेखी माहितीवर. सेटिंगच्या पानावर ‘ब्रिज’ किंवा ‘राउट’ असा जो रुक्ष पर्याय दिसतो, तो निवडताना आपण खरं तर हेच ठरवत असतो, की या ठिकाणी कुठल्या प्रकारच्या ज्ञानावर विसंबायचं.

आधी पत्त्यांचं पाहू. प्रत्येक पॅकेटावर पत्ते दोनदा लिहिलेले असतात. बाहेरच्या आवरणाला फ्रेम म्हणतात, तिच्यावर असतो मॅक पत्ता. तो ४८ बिटांचा, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे पत्ते होऊ शकतील एवढा. पहिला निम्मा भाग आयईईई ही संस्था कारखानदाराला नेमून देते, उरलेला कारखानदार आपल्या मालाला देतो. या आकड्यावरून वस्तू कुणी बनवली ते कळतं. ती आज कुठे आहे, याबद्दल तो आकडा एक अक्षर बोलत नाही. आतल्या पाकिटावर असतो आयपी पत्ता. तो ३२ बिटांचा, एकूण सुमारे ४२९ कोटी. (नवा आयपी १२८ बिटांचा आहे, पण इथे जुन्यावरच भागेल.) आयपी पत्ता वस्तूबरोबर जन्माला येत नाही. ती ज्या जाळ्यात जोडली जाते, त्या जाळ्याकडून तो मिळतो.

ब्रिजची गोष्ट इथरनेटपासून सुरू होते. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी एक जाडजूड केबल टाकून तिला सगळे संगणक जोडण्याची रीत काढली. एकाने काही पाठवलं की ते सगळ्यांना ऐकू जायचं, आणि ज्याचं असेल त्याने ते उचलायचं. रीत झकास होती, पण केबल हवी तेवढी लांबवता येत नव्हती, आणि गर्दी वाढली की सगळेच एकमेकांच्या बोलण्यात बोलत. म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीतल्या मार्क केम्फ यांनी दोन केबलींच्या मध्ये बसणारी एक पेटी योजली. अट अशी, की संगणकांना ती पेटी तिथे आहे हे कळताही कामा नये. त्यांच्यात काही बदलायचं नाही, पेटीलाही कुणी काही सांगायचं नाही. डब्यातून काढा, दोन तारा खोचा, झालं.

मग तिला कळणार कसं, कोण कुठल्या बाजूला आहे ते?

उत्तर इतकं सोपं आहे की पहिल्यांदा समजतं तेव्हा हसूच येतं. फ्रेमवर पाठवणाऱ्याचाही मॅक पत्ता असतो. डाव्या तारेवरून एखादी फ्रेम आली, की पेटी ती कुणाला जायची आहे हे बघण्याबरोबर ती कुणाकडून आली हेही टिपून ठेवते: अमुक पत्ता, डावीकडे. पुढे कधी त्या पत्त्यासाठी काही आलं, तर कुठे सोडायचं ते ठाऊक असतं. पत्ता यादीत नसेल तर? तर आली ती बाजू सोडून बाकी सगळीकडे सोडून द्यायचं. ज्याचं आहे तो उत्तर देईलच, आणि उत्तर देताना त्याचाही ठावठिकाणा आपोआप उघड होईल. बोलणाऱ्याच्या बोलण्यातून तो कुठे आहे हे शिकायचं, एवढंच तिचं शास्त्र. सुमारे पाच मिनिटं कुणी काहीच बोललं नाही, तर त्याची नोंद पुसली जाते. ३०० सेकंद हा आकडा आजही बहुतेक यंत्रांत ठरलेला असतो. लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीतल्या भोकाला लावला, तर तो पहिला शब्द बोलेपर्यंतच काय तो घोळ. बोलला की नोंद बदलली.

आज ऑफिसात ज्याला स्विच म्हणतात तो म्हणजे दोनाऐवजी आठ, चोवीस, अठ्ठेचाळीस भोकांचा हाच ब्रिज. असा पहिला गाजलेला स्विच १९९० साली बाजारात आणणाऱ्या अमेरिकी कंपनीचं नाव होतं कल्पना. तिचे एक संस्थापक भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज, आणि कंपनीला नाव दिलं होतं बायकोचं. पुढे १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली.

ऐकीव ज्ञानाचा एक धोका मात्र आहे. दोन केबलींच्या मध्ये एकाऐवजी दोन ब्रिज लावले, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून, तर काय होईल? सगळ्यांसाठीची एक फ्रेम पहिल्या ब्रिजने पलीकडे नेली. ती दुसऱ्याने ऐकली आणि अलीकडे आणली. ती परत पहिल्याने ऐकली. इथरनेटच्या फ्रेमवर ‘हिला किती वेळा पुढे ढकललं’ याची नोंद ठेवायला जागाच नाही, त्यामुळे ती कधीच मरत नाही. वाटा अधिक असतील तर दर फेरीला प्रती वाढतात, आणि काही क्षणांत तारा नुसत्या प्रतींनी तुंबतात. वर पाठवणाऱ्याचा पत्ता कधी डावीकडून तर कधी उजवीकडून दिसत असल्याने ब्रिजांच्या याद्याही भ्रमिष्ट होतात. ऑफिसात कुणी टेबलाखाली लोंबणारी केबल सापडली म्हणून तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचून ठेवली, तरी साध्या स्विचवर हेच घडतं. ही करामत प्रत्यक्ष केलेली माणसं सगळीकडे आहेत आणि ती कधीच कबूल करत नाहीत.

यावर तोडगा काढायचं काम डेकमध्येच रेडिया पर्लमन यांच्याकडे आलं. गंमत अशी की त्या मुळात राउटिंगवाल्या. ब्रिज ही तात्पुरती मलमपट्टी आहे, जाळं वाढवायचं तर राउटिंग करा, असं त्यांचं मत होतं आणि त्यांनी ते पुढेही लपवलं नाही. पण त्या काळच्या काही पद्धती, डेकचीच एलएटी त्यांतली एक, फ्रेमच्या आत राउटरला वाचता येईल असा पत्ताच लिहीत नसत. त्यांना केबलीपलीकडे न्यायला ब्रिजशिवाय मार्ग नव्हता. पर्लमन सांगतात, की साहेब आठवडाभर सुट्टीवर जाण्याआधी हे कोडं घालून गेले. त्याच रात्री उत्तर सुचलं, दोन दिवसांत ते लिहून झालं, आणि उरलेला आठवडा त्यांनी त्याच विषयावर एक कविता रचण्यात घालवला. १९८५ साली छापल्या गेलेल्या निबंधाच्या सुरुवातीला ती कविता आहे. तांत्रिक निबंधाला कवितेची जोड देणारी माणसं आणखी असती तर हा विषय इतका कोरडा म्हणून बदनाम झाला नसता.

उत्तर असं: ब्रिजांनी आपसांत बोलून एक मुख्य निवडायचा, प्रत्येकाने त्याच्याकडे जाणारी सर्वांत जवळची वाट ठेवायची, आणि ज्या जादा वाटांमुळे वर्तुळ होतं त्या आपणहून बंद करायच्या. तारा जागेवरच राहतात, फक्त मुक्या होतात. मुख्य ब्रिज दर दोन सेकंदांनी हाक देतो. ती येईनाशी झाली की मुक्या वाटांतून नवी वाट उघडली जाते. मूळ पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागत. पुढे १९९० मध्ये आयईईईने हे प्रमाण म्हणून स्वीकारलं. मुख्य निवडण्याचा नियम मोठा मजेशीर आहे. कुणी मुद्दाम काही ठरवलं नसेल, तर ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो मुख्य. एकाच कारखान्याचे आकडे बहुधा चढत्या क्रमाने दिले जातात, त्यामुळे अनेक ऑफिसांत सगळ्यांत जुनाट, अडगळीत पडलेला स्विच संपूर्ण जाळ्याचा राजा होऊन बसलेला आढळतो.

या पद्धतीलाही मर्यादा होत्या, आणि त्या नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयात उघड्या पडल्या. रुग्णालयं एकमेकांत विलीन होत गेली तसं त्यांचं जाळंही जोडत जोडत वाढलं, आणि बरंचसं ब्रिजवरच राहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात ब्रिज, ही त्या पद्धतीची शिफारस केलेली मर्यादा. जाळं तिच्या पलीकडे गेलं होतं. माहितीचा लोंढा आला, ब्रिजांना एकमेकांच्या हाका वेळेत पोचेनात, बंद वाटा उघडल्या आणि वर्तुळं तयार झाली. काही दिवस रुग्णालय कागदावर चाललं. तपासण्यांचे निकाल माणसांनी हातांनी पोचवले. तिथल्या तरुण डॉक्टरांत कागदावर औषध लिहून देण्याची सवयच नसलेलेही होते. रुग्णालयाच्या माहिती विभागाचे प्रमुख जॉन हालाम्का यांनी हे सगळं नंतर जाहीरपणे मांडलं, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

आता लेखी वाट. ती समजायला आपल्याकडे एक अस्सल देशी उदाहरण आहे: पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला आणि त्याची आखणी करणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित आणि कवी. पाकिटावर ४११०३० लिहिलं असेल, तर दिल्लीत टपालाची छाननी करणाऱ्याला शेवटचे ०३० वाचायची गरज नसते. ४ दिसला, पश्चिमेकडच्या थैलीत टाका. ४११ म्हणजे पुणे, हे पुढच्याने बघायचं. ०३० म्हणजे सदाशिव पेठ, हे पुण्यात बघतील. सदाशिव पेठ कुठे आहे हे दिल्लीला ठाऊक नसूनही पत्र तिथे पोचतं, कारण पत्त्याच्या सुरुवातीचे आकडे प्रदेशाचे आहेत.

आयपी पत्ताही असाच डावीकडून वाचतात. राउटरकडे एक तक्ता असतो. पत्त्याची सुरुवात अशी असेल तर या तारेवर, तशी असेल तर त्या तारेवर. दोन ओळी लागू पडत असतील तर जी अधिक नेमकी ती खरी. जगाच्या इंटरनेटच्या गाभ्यातल्या राउटरांच्या तक्त्यात जुन्या आयपीच्या दहा लाखांच्या आसपास ओळी असतात. ४२९ कोटी पत्त्यांसाठी एवढ्याच. आणि घरातल्या राउटरच्या तक्त्यात? बहुधा दोन-तीनच. १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे घरातले, बाकी सारं जग पलीकडच्या तारेवर. दोन ओळींच्या अकलेवर ही डबी आपल्याला टोकियोला आणि लिस्बनला पोचवते. ब्रिजला असलं काही साधणारच नाही. मॅक पत्त्याच्या सुरुवातीवरून दिशा कळत नाही, म्हणून जगभर नुसते ब्रिज लावले असते तर प्रत्येकाला प्रत्येक यंत्राची वेगळी नोंद ठेवावी लागली असती, आणि अनोळखी पत्त्यासाठी अख्ख्या पृथ्वीला हाक मारावी लागली असती.

पत्ता घरातला की बाहेरचा, हा निवाडा राउटरच्याही आधी तुमचा लॅपटॉप करतो. आपल्या आयपी पत्त्याचा किती भाग घराचा, हे त्याला सबनेट मास्क नावाच्या आकड्याने सांगितलेलं असतं. समोरच्याचा तेवढा भाग जुळला, तर तो थेट पुकारा करतो: १९२.१६८.१.२० कोण आहे, तुझा मॅक पत्ता सांग. जुळला नाही, तर तो पॅकेट राउटरच्या हवाली करतो. इथली युक्ती मला अतिशय आवडते. आतल्या पाकिटावर पत्ता लिस्बनचा, बाहेरच्या फ्रेमवर पत्ता राउटरचा. राउटर आपल्या नावाची फ्रेम म्हणून ती उचलतो, फोडून फेकून देतो, आतला पत्ता वाचतो आणि पुढच्या राउटरच्या नावाची नवी फ्रेम चढवतो. लिस्बनपर्यंत बाहेरचं आवरण पंधरा-वीस वेळा बदलेल. आत मुक्कामाचा पत्ता तोच राहील. ब्रिज मात्र फ्रेमला हातही लावत नाही. आली तशी सोडतो.

फोडताना राउटर आणखी एक काम करतो. आयपीच्या पाकिटावर एक आकडा असतो, सुरुवातीला बहुधा ६४ किंवा १२८. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट तिथेच टाकून देतो आणि ‘तुझं पॅकेट माझ्यापाशी संपलं’ असं पाठवणाऱ्याला कळवतो. म्हणजे राउटरांत वर्तुळ झालं तरी पॅकेट अमर होत नाही. या मृत्युवार्तांचा उपयोग करून घ्यायची कल्पना स्टीव्ह डीअरिंग यांची, ती प्रत्यक्षात उतरवली व्हॅन जेकबसन यांनी: मुद्दाम १ आकडा घालून पॅकेट सोडा, मग २, मग ३, आणि कोण कोण उत्तर देतं ते टिपा. त्यातून निघालेली ट्रेसरूट ही आज्ञा आजही कुणालाही चालवून बघता येते. तिच्या यादीत वाटेवरचे राउटर ओळीने दिसतात. मधे असलेले ब्रिज आणि स्विच एकही दिसत नाहीत, कारण ते आकडा कमी करत नाहीत.

लेखी माहिती खोटी असली तर? २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब देशात बंद करण्यासाठी आपल्या राउटरांत एक ओळ घातली. यूट्यूबने जगाला सांगितलेली ओळ १,०२४ पत्त्यांची होती. ही त्यांतल्या २५६ पत्त्यांची, म्हणजे अधिक नेमकी. ती ओळ देशाबाहेर निसटली, बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने ती पुढे सांगितली आणि जगभरच्या राउटरांनी नियमाप्रमाणे नेमकी ओळ खरी मानली. सुमारे दोन तास यूट्यूबकडे निघालेली रहदारी पाकिस्तानकडे वळत राहिली. यूट्यूबने उलट डाव टाकला तो १२८-१२८ पत्त्यांच्या, आणखी नेमक्या ओळी जाहीर करून.

एवढं कळलं की घरातले नेहमीचे गुंते पटापट सुटतात. इंटरनेट कंपनीची डबी राउटर म्हणून चालू आहे आणि तिच्यामागे आपण स्वतःचा राउटर लावला, तर एकापाठोपाठ दोन राउटर होतात, आणि दोघंही आतले पत्ते लपवून आपला पत्ता पुढे करतात. नुसतं व्हिडिओ बघायला याने काही अडत नाही. बाहेरून घरचा सीसीटीव्ही थेट बघायचा असेल तर दोन्ही ठिकाणी दार उघडावं लागतं. दोघांनीही आतल्या बाजूला १९२.१६८.१ हीच सुरुवात धरली असेल तर मागच्या राउटरला पुढची बाजू कुठली आणि आतली कुठली तेच कळेनासं होतं. उपाय: कंपनीची डबी ब्रिज मोडवर टाकायची. मग ती फक्त काचेच्या तारेवरचा प्रकाश केबलीवरच्या विजेत बदलून फ्रेमा आल्या तशा सोडते, आणि कंपनीने दिलेलं नाव-परवली आपल्या राउटरमध्ये भरावी लागते. कंपनी आपल्या बाजूलाच अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवत असेल, तर मात्र ब्रिज मोडनेही सीसीटीव्हीचं दार उघडणार नाही, हे आधीच विचारून घ्यावं. आणि ब्रिज मोड लावण्याआधी डबीचा स्वतःचा पत्ता व पासवर्ड लिहून ठेवावा, कारण नंतर तिचं सेटिंगचं पान नेहमीच्या मार्गाने बहुधा उघडत नाही.

उलटा प्रकार वरच्या मजल्यावर होतो. तिथे वायफाय पोचत नाही म्हणून दुसरा राउटर आणला, खालून केबल नेली आणि वेगळ्या रंगाच्या भोकात खोचली. इंटरनेट चालतं, पण वरच्या फोनला खालचा प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर काही पाठवता येत नाही. प्रिंटर शोधताना फोन जी सर्वांना उद्देशून हाक मारतो, ती राउटर पुढे जाऊ देत नाही, ब्रिज देतो. तीच केबल त्या चार भोकांपैकी एकात लावली आणि पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, वरच्या डबीत बंद केलं, तर वरची डबी निव्वळ ब्रिज होते. (तिचा स्वतःचा पत्ता खालच्या डबीहून वेगळा ठेवायचा, एवढं पथ्य.) एक भोक बदललं की यंत्राची जात बदलते.

केबल न टाकता, वायफायवरून वायफाय पुढे ढकलणारा रिपीटर घेतला तर मामला अजून अवघड होतो. फोनकडून डबीकडे जाणाऱ्या वायफायच्या फ्रेमवर तीनच मॅक पत्ते लिहायची सोय असते: हवेत सोडणारा, हवेत ऐकणारा आणि शेवटचा मुक्काम. ‘मूळ कुणी पाठवलं’ आणि ‘हवेत कुणी सोडलं’ यांना मिळून एकच जागा. मुख्य डबीच्या लेखी रिपीटर हाही एक फोनच, त्यामुळे आपल्या मागच्या फोनचं नाव लिहायला त्याच्याकडे जागा उरत नाही. चार पत्त्यांची फ्रेम प्रमाणात आहे, पण ती दोन्ही बाजूंना कळावी लागते, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांत ते जमेलच असं नाही. म्हणून बरेच स्वस्त रिपीटर सरळ लबाडी करतात. मागच्या प्रत्येक फोनच्या मॅक पत्त्याच्या जागी स्वतःचा लिहितात, आणि उत्तर आलं की आतला आयपी पत्ता वाचून ते कुणाचं हे ओळखतात. म्हणवतात ब्रिज, पण आतलं पाकीट वाचतात. असा रिपीटर घरी असेल तर त्याच्यामागे दोन-तीन फोन जोडून मुख्य डबीच्या एआरपी तक्त्यात, म्हणजे कुठल्या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता कुठला याच्या यादीत, डोकावून बघा: आयपी पत्ते वेगवेगळे दिसतील, आणि त्यांच्यापुढे मॅक पत्ता एकच.